अण्णांची बैठक

आमचे अण्णा उभ्यानेच जेवतात. पाहुण्यांना ते मोठे चमत्कारिक वाटते. "बसा की हो," असा त्यांचा आग्रह चालतो आणि अण्णा ओशाळे हसतात. ज्या माणसाने २६ वर्षे बसूनच काढली, त्याला आज दहा मिनिटे बसवत नाही!

ती बैठक ट्रॅक्टरवरची. दिवाळीपासून होळीपर्यंत उसाच्या खेपा, मग उन्हाळी नांगरट. माझी कॉलेजची फी त्यातूनच आली. ट्रॅक्टरवर अण्णांचा भारी जीव. ऑइल वेळेवर, ग्रीस वेळेवर. सीटची गादी फाटली तेव्हा मात्र त्यांनी पोत्याची घडी टाकली आणि विषय संपवला.

मोटारीच्या चारही चाकांना स्प्रिंगा असतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना बहुधा नसतात. ढेकळांचा हादरा टायर गिळतील तेवढा गिळतात, उरलेला सीटने सोसायचा. तिने नाही सोसला, तर माणसाच्या मणक्यांनी! सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकावे बसू लागले, की बसलेल्या माणसाचा कणाच त्या तालावर हलू लागतो, आणि ट्रॅक्टरचे हादरे त्याच्याच आसपासचे. त्यात मान मुरडून सारखे मागे नांगराकडे पाहायचे. युरोपीय संघाने २००२ साली ८ तासांच्या दिवसात कामगाराने किती हादरे सोसावेत, याची मर्यादा ठरवली. आमच्याकडे मर्यादा एकच : खेप संपेपर्यंत.

आता ट्रॅक्टर धाकट्याकडे आहे. तास संपला की तो वरून धाडकन उडी मारतो. तासन्‌तास हादरलेल्या पाठीला तो शेवटचा दणका फार वाईट. मी बोलले, तर म्हणतो, "ताई, तू पुस्तकातलं सांगू नकोस. मला काय धाड भरलीय?"

परवा मीच सीटखाली वाकून पाहिले. तिथे एक मूठ होती. चालकाच्या वजनाप्रमाणे सीटची स्प्रिंग कमीजास्त करायची. बाजूला आकडे. काटा ५० वर! अण्णांचे वजन ऐंशीच्या पुढे. म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक खड्ड्यात सीट तळाला आपटत होती.

मी अण्णांना बोलावले. ते कंबरेवर हात ठेवून बराच वेळ आकडे पाहत राहिले. मला वाटले, चिडतील.

"तुझं वजन किती रे?" त्यांनी धाकट्याला विचारले.

"बहात्तर."

मूठ गंजून घट्ट बसली होती. अण्णांना वाकता येत नव्हते. ते मला म्हणाले, "जा, ग्रीसची गन घेऊन ये."