ओट्याखालचा कॉक

दहिसर पूर्वेला, रावळपाड्याच्या बाजूला आमची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली. नव्या घरात महानगर गॅसचा पाइप आला आणि सिलिंडर सुटला. ओट्यात बसणारा हॉब घ्यायचा हे ठरलेलंच होतं. हॉब घरी आला तशी सुतारानं तयारी दाखवली, ‘ताई, ग्रॅनाईट कापून देतो, गॅसची जोडणीही माझाच माणूस करेल.’ ग्रॅनाईट काप म्हटलं, जोडणीला मात्र ठाम नकार दिला. ते काम गॅस कंपनीच्या माणसाचंच.

खरा वाद झाला कॉकवरून. सुताराच्या आराखड्यात गॅसचा कॉक मसाल्याच्या ट्रॉलीमागे जात होता. ट्रॉली रुळावरून उपसल्याशिवाय हात पोचला नसता. ‘कॉक रोज कोण बंद करतं?’ त्यानं विचारलं. ‘मी करते. रोज रात्री,’ सासूबाई म्हणाल्या. सिलिंडरच्या काळात रेग्युलेटर बंद केल्याशिवाय त्या कधी झोपल्या नव्हत्या. मग ट्रॉली रद्द झाली, तिथे उघडा कप्पा ठेवला आणि हॉबखालच्या दारांना जाळी लावून घेतली. गळती झालीच तर गॅस बंद खोक्यात साचून राहणं सगळ्यात वाईट. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीची वरची झडप उघडीच राहील, हेही त्याच दिवशी ठरलं.

कंपनीचा फिटर आला. त्यानं आधी हॉब कुठल्या गॅसचा आहे ते पाहिलं. तो सिलिंडरचा निघाला, म्हणजे जेट बदलणं आलं. बर्नर उचलून, पान्यानं पितळेचा इवलासा जेट काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला, शेजारी नवा. उजेडाकडे धरल्यावरच दोन्हींच्या भोकांतला फरक कळला: नव्याचं जरा मोठं. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलिबार दाबानं येतो, पाइपचा 21 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच गॅसातून पाइपवाल्याची उष्णता निम्म्याहूनही कमी. सिलिंडरच्या जेटवर तो मिणमिणता जळला असता. उलट मोठ्या भोकाच्या जेटवर सिलिंडर जोडला तर पिवळी, उंच ज्योत उसळते, भांडी काळी होतात आणि धूर अंगावर येतो. ही अदलाबदल घरी करून पाहण्यासारखी नाही.

मग नळी. तारेची जाळी आत असलेली, भिंतीतून किंवा ट्रॉलीमागून न नेलेली, वाक न देता जोडलेली. एका पान्यानं कॉक धरून दुसऱ्यानं नट आवळायचा, म्हणजे पाइपवर पीळ पडत नाही. नंतर वाटीत साबणाचं पाणी करून त्यानं ब्रशनं प्रत्येक सांध्याला फेस लावला. कॉकच्या वरच्या सांध्यावर एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, पुन्हा फुगला. वास तर मला मुळीच आला नव्हता. त्यानं वॉशर बदलला, परत फेस लावला आणि तो जागचा हलेना. सगळे नॉब बंद करून मीटरचे आकडेही आम्ही थोडा वेळ पाहत बसलो. एकही सरकला नाही. काडी पेटवून गळती शोधायची पद्धत अजून काही घरांत चालते. ती आज, आत्ता सोडावी असं मला कळकळीनं वाटतं.

या हॉबला ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय आहे. बर्नरजवळची बारीक दांडी तापलेली असेपर्यंतच गॅस सुरू राहतो, त्यामुळे पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. सासूबाईंना आधी ते जिकिरीचं वाटलं. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस आपोआप थांबला, तेव्हापासून तक्रार नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा कॉक पॅनेलमागे गेला होता. आमचा कप्पा पाहून त्यांनी सुताराला परत बोलावलं आणि हात सहज जाईल एवढी चौकट कापून घेतली.