आमच्या घरात कधीही गहाण न पडलेलं मंगळसूत्र

मंगळवारी सकाळी दहाच्या स्टँडअप मीटिंगमध्ये पप्पांचा फोन आला. पप्पा ड्युटीच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, त्यांच्याही आणि माझ्याही. मी म्यूट करून उचलला.

"काय रे, आपण तुझ्या आईचं मंगळसूत्र कधी गहाण टाकलं?"

आवाजात राग नव्हता. खरोखरचा प्रश्न होता. एखाद्या प्रवाशाने न थांबणाऱ्या स्टॉपचं तिकीट मागितल्यावर कंडक्टर विचारतो, तसा. पप्पा परभणी डेपोत कंडक्टर आहेत.

मी म्हणालो, "पप्पा, मीटिंगमध्ये आहे." हे खरं होतं. त्या आठवड्यात मी त्यांना सांगितलेलं हे एकमेव खरं वाक्य.

झालं होतं असं, की मुंबईतल्या एका कविता महोत्सवात मी स्लॅममध्ये माझी कविता सादर केली होती. तिचा व्हिडिओ तीन आठवड्यांनी रीलच्या रूपात फिरत फिरत आमच्या 'सोयरे मंडळी' ग्रुपवर पोचला. कविता पप्पांवर होती. तिच्या मध्यावर एक ओळ होती, की माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यांनी आईचं मंगळसूत्र सोनाराच्या वजनकाट्यावर ठेवलं. त्या ओळीवर तुफान चुटक्या वाजल्या होत्या. (ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: अशा ठिकाणी कविता चालू असताना टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात. कवीचा आवाज बुडू नये म्हणून.)

असं काही घडलेलं नाही. माझी फी एज्युकेशन लोनमधून भरली गेली.

मी या सगळ्यात कसा शिरलो ते थोडक्यात सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारीत, करोनाच्या अगदी तोंडावर, ऑफिसमधल्या एका मित्राने मला बीकेसीत 'स्पोकन' महोत्सवाला नेलं. कोम्यून या मंडळींचा हा महोत्सव २०१७ पासून मुंबईत होतो. आमच्याकडे कविता म्हणजे शाल, श्रीफळ, सत्कार आणि अध्यक्षांचं चाळीस मिनिटांचं भाषण. इथे माझ्या वयाची पोरं-पोरी गवतावर मांडी घालून बसली होती आणि एक मुलगी हिंदीत स्वतःच्या आजीबद्दल बोलत होती. बोलतेय की कविता म्हणतेय ते कळत नव्हतं. मी रडलो. मित्राला सांगितलं, धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

तेव्हा वाटलं होतं, हे आपल्याकडे नाहीच. पूर्ण चुकीचं होतं ते. रविकिरण मंडळाचे कवी शंभर वर्षांपूर्वी पुण्यात लोकांसमोर कविता गाऊन दाखवत होते. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी तर गावोगाव हिंडून काव्यवाचनाला तिकिटाच्या नाटकासारखी गर्दी जमवली. साहित्य संमेलनातला कविकट्टा म्हणजे आपला मूळचा ओपन माइकच, फक्त तिथे नंबर लागेपर्यंत मांडवातली माणसं जेवायला गेलेली असतात.

स्लॅम मात्र बाहेरून आला. मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम केलेल्या कवीने शिकागोत तो सुरू केला. १९८६ पासून तो तिथल्या ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये होऊ लागला. कविता वाचनं फार पुस्तकी आणि कंटाळवाणी झालीत, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने तिची मॅच केली. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा वगळायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यापुढे गुण कापले जातात. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. फक्त तुम्ही आणि माइक.

माझ्यासारख्या माणसाला हे फारच आवडणार. नियम स्पष्ट, फीडबॅक लगेच. पुण्यातल्या ओपन माइकना मी कविता अशी नेऊ लागलो, जसं आम्ही बिल्ड टेस्टिंगला टाकतो. कुठे शांतता पडते, कुठे लोक मोबाइल काढतात, कुठे चुटक्या येतात, घरी येऊन नोट्समध्ये लिहायचं. पप्पांच्या कवितेत आधी बँकेची ओळ होती. पप्पा खाकी कपड्यांत, ड्युटीला जायच्या आधी, चौथ्यांदा बँकेच्या रांगेत उभे आहेत. तीन वेगवेगळ्या कॅफेंत वाचली. तिन्हीकडे शून्य.

मुंबईच्या स्लॅममध्ये अर्ध्या प्रेक्षकांना मराठी येणार नव्हती. बँकेची रांग त्यांच्यापर्यंत पोचली नसती. 'मंगळसूत्र' पोचतं. हिंदीवाल्यालाही पोचतं, इंग्रजीवाल्यालाही, सिनेमा पाहिलेल्या कुणालाही. आदल्या रात्री हॉस्टेलसारख्या एका लॉजमध्ये मी ओळ बदलली. दोन मिनिटं लागली असतील. मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे आता लिहिताना जास्त टोचतं. कवितेत सगळं चालतं, असं स्वतःला सांगितलं.

कवितेत चालतंच. नारायण सुर्वे किंवा नामदेव ढसाळ यांचं 'मी' म्हणणं ऐकून आपण ते कोर्टातल्या साक्षीसारखं तपासत नाही. पण मी माइकसमोर जाऊन आधी म्हणालो होतो, "ही माझ्या पप्पांची खरी गोष्ट आहे." नियमांत नसलेली ती एक वस्तू मी हातात घेऊन स्टेजवर गेलो होतो.

गुण आले ९.१, ९.३, ९.४, ९.६ आणि ७.२. नियमाप्रमाणे ९.६ आणि ७.२ वगळले, बेरीज २७.८, तिसरा नंबर.

त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी मी परभणीला गेलो. रात्रभर प्रवासात वाक्यं जुळवत होतो, जणू पुन्हा तीन मिनिटंच मिळणार होती.

घरात वातावरण माझ्या अंदाजापेक्षा वेगळं होतं. आईला शेजारच्या दोघींनी हळूच विचारलं होतं, सोडवलं का हो मग? त्याचं तिला हसू येत होतं. हसू येत नव्हतं ते मामाचं. मामाने फोन करून विचारलं होतं, "ताई, आम्ही काय मेलो होतो का?" मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची असते. ती सोनाराकडे गेली आणि भावाला कळलंही नाही, असा त्याचा अर्थ. त्यानंतर त्याने आईचा फोन उचलला नव्हता. आई खोटं बोलतेय, झाकतेय, असंच त्याला वाटत होतं. व्हिडिओत भाचा स्वतः सांगतोय म्हटल्यावर कुणावर विश्वास ठेवणार?

हे मी कुठल्याही नोट्समध्ये लिहिलेलं नव्हतं.

पप्पा दुपारी ड्युटीवरून आले. हातपाय धुतले, जेवले. मग म्हणाले, "ते गुणांचं कसं असतं सांग बरं."

मी सांगितलं. तीन मिनिटांचं त्यांना लगेच पटलं. "म्हणजे गाडी लेट झाली की मेमो." सगळ्यात कमी आकडा का सोडतात, ते त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, एखादा उगाच डूख धरून कमी देईल म्हणून.

"त्या सात पॉइंट दोनवाल्याला कळलं असंल."

मी गप्प बसलो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "लोन तुझ्या फीला झालं. मेसचं, रूमचं कुठून आलं?"

"तुम्ही पाठवायचात."

"डबल ड्युट्या केल्या मी चार वर्षं. मुक्कामी गाडी कुणी घेत नव्हतं तर मी मागून घ्यायचो. पावसाळ्यात गाडीतच झोपायचं, वरून गळायचं, कॅशची बॅग पोटाशी." मग जरा थांबून, "ते नाही टाकलंस."

मला ते माहीतच नव्हतं. मुक्कामी गाडी माहीत होती, मागून घेतात हे नाही. मी त्यांच्यावर तीन मिनिटांची कविता लिहिली होती आणि एकदाही त्यांना फोन करून काही विचारलं नव्हतं.

व्हिडिओ काढून टाका म्हणून मी आयोजकांना मेल केलाय. उत्तर आलं, की रील छान चाललंय, एकदा नीट विचार कर. मी पुन्हा मेल केलाय.

त्या संध्याकाळी आईने चहा ठेवला आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मामाचा नंबर लावलेला होता. तिकडे रिंग वाजत होती. पप्पा दारात बसून चपलेचा अंगठा दाबून बघत होते, आपलं लक्ष नाही असं दाखवत.

"खरं काय ते तूच सांग," आई म्हणाली. "आणि लवकर सांग, त्याला लांबण लावलेलं आवडत नाही."

मामाने फोन उचलला.