बाजाराच्या दिवशी पाणी पीत नाही

भात पोटरीत आहे. करप्याबद्दल विचारणाऱ्यांनी दोन दिवस थांबा, आज बाजाराचं लिहिते.

भोर-वेल्ह्यात (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) परसातली काकडी, घेवडा, दोडका बाजारात नेते ती बहुतेक बाईच. भाताचे पैसे घरधन्याच्या हाती, भाजीचे तिच्या. वह्या, तेल-मीठ, दवाखाना त्यातूनच भागतो.

मी पहाटे चहा घेते, त्यावर घरी येईस्तोवर पाण्याचा घोट नाही. शेजारच्या बायकांचंही तेच. कारण जायला जागा नाही. गडी माणूस भिंतीआड जातो, आम्ही कुठं जावं? दुपारी बारापर्यंत पोटात कळ येते, आणि नेमका तेव्हाच घाऊकवाला येतो. "मावशी, सगळं घेतो, बोला." वीसची काकडी दहाला जाते. साहेब लोक प्रशिक्षणात सांगतात, प्रतवारी करा, थेट गिऱ्हाइकाला विका. पटतं हो. पण थेट विकायला संध्याकाळपर्यंत बसावं लागतं.

बसायची जागाही ठरलेली नसते. ओट्यांवर कायमचे व्यापारी, आम्ही गटाराच्या कडेला. पावती मात्र सगळ्यांना फाडावी लागते. अंधार पडला की दिवा नाही, गर्दीत मुद्दाम धक्के. माझी पुतणी कृषी पदविका शिकलेली. हिशोब, फोनवरचे पैसे सगळं तिला येतं. दोन बाजार बसली, तिसऱ्याला म्हणाली, "आत्या, मी शेतात खुरपीन, पण तिथं नाही बसणार." तिला काय समजवायचं?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, जाणं स्वस्त झालं. पण केळद-पासलीकडच्या बाईला परतीची गाडी धरायची असते, म्हणून तीही लवकर माल टाकून मोकळी होते.

कायदा काय म्हणतो ते बघा. भोरला नगरपरिषद, म्हणून तिथं २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू. त्याच्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया. जिथं बाजार ग्रामपंचायतीचा, तिथं वाट वेगळी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला ठेवावे लागतात. आपण फाडतो त्या पावतीचा पैसा त्याच उत्पन्नात जातो की!

आमच्या गटाने तीन गोष्टी लिहून काढल्यात: आतून कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय, पिकवणाऱ्या बायांसाठी चुन्याने आखून नंबर टाकलेली जागा, आणि दिवा. पुढच्या महिला सभेत अर्ज देऊन पोच घेणार आहोत.

भोरच्या बायांनो, तुमच्या समितीत विक्रेत्या बाया कोण आहेत, ते नगरपरिषदेत विचारा आणि खाली लिहा.