फिरते कपाट

घरातील कपाट भिंतीला टेकून उभे असते. त्याला ना खड्ड्यांची भीती, ना घाटातील वळणांची. परंतु तेच कपाट धावत्या गाडीत बसवायचे म्हटले, म्हणजे आपले सारे घरगुती शहाणपण अपुरे पडते. हा धडा मला धुळ्यातील एका वृद्ध सुताराने दिला.

मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. रानपिंगळा नावाच्या लहानशा घुबडाची १८८४ नंतर कोठेच खात्रीची नोंद झाली नव्हती. तो जगातून नाहीसा झाला, असेच पुष्कळांना वाटत होते. १९९७ साली त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा दिसला. ती वार्ता वाचल्यापासून सातपुड्याने मला वेड लावले. पुढे दोघा मित्रांबरोबर एक जुनी जीप घेतली आणि आमच्या वाऱ्या सुरू झाल्या.

पहिल्याच वारीत आमची फजिती झाली. पारोळा, एरंडोल, जळगाव या सडकेवर सामान शहाण्या मुलासारखे बसून होते. खिरोद्यानंतर पालचा घाट चढलो, रानवाटेला लागलो आणि एका नाल्यात जीप उतरताच सारे सामान आमच्या अंगावर धावून आले. रॉकेलचा डबा पिठाच्या पिशवीवर कलंडला. एका मित्राच्या कपाळाला खोक पडली; आणि औषधाची पेटी शोधण्यासाठी सगळी गाडी रिकामी करावी लागली!

परतल्यावर मी कागदावर एका उंच कपाटाचे चित्र काढले आणि ते त्या सुताराकडे नेले. त्याचा सारा जन्म बैलगाड्या घडवण्यात गेला होता. चित्र पाहून तो हसला आणि म्हणाला, “भाऊ, गाडी उलाळ होईल.” मागे ओझे अधिक झाले, की बैलगाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, अशा गाडीला उलाळ म्हणतात. “जड ते खाली आणि पुढे, हलके ते वर आणि मागे,” हा त्याचा नियम. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो ओझे. म्हणून पाण्याच्या डब्यांना पुढच्या बैठकीच्या पाठीशी, अगदी तळाला जागा मिळाली. रॉकेलची रवानगी गाडीबाहेर, मागच्या लोखंडी चौकटीत झाली. औषधाची पेटी मात्र मागच्या दाराशी, हात घालताच सापडेल अशी ठेवली.

सागवानी चौकट त्याने गाडीच्या तळाशी बोल्टांनी आवळली. प्रत्येक खणाभोवती सूतभर फट ठेवली. कारण लाकूड खानदेशच्या उन्हात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. कपाटाचा माथा सपाट केला, एक माणूस पाय पसरून निजेल एवढा. मात्र खणांमधील फळ्या त्याने खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. नुसत्या खाचांत सरकवल्या.

मला ते रुचले नाही. “मिस्त्री, या खडखडतील. खिळे मारा,” मी म्हणालो.

“सामान रोज एकसारखे नसते, भाऊ. ठोकलेला खण हट्टी होतो,” तो म्हणाला आणि खडखडाट होऊ नये म्हणून खाचांत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बसवू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात पालजवळच्या एका पावरा वस्तीवर आमचा मुक्काम होता. तिन्हीसांजेला एक मुलगा चारोळीच्या झाडावरून पडला. त्याचा बाप त्याला खाटेवर घालून आमच्याकडे घेऊन आला. पोराच्या नडगीचे हाड मोडले होते. वस्तीवर दुसरे वाहन नव्हते. अंधार पडत चालला होता. तरी औषधाची पेटी पहिल्याच प्रयत्नात हाती लागली. पण पायाला आधार कशाचा द्यावा?

मी कपाटाकडे पाहिले आणि दोन फळ्या खाचांतून ओढून काढल्या. त्या दीड हात लांब होत्या. पाय न हलवता, मऊ पंचाची घडी घालून, मांडीपासून टाचेपर्यंत त्या दोन्ही बाजूंनी बांधल्या. कपाटाच्या माथ्यावर गादी पसरली आणि मुलाला तिच्यावर निजवले. बाप शेजारी वाकून त्याचे डोके धरून बसला. जीप हळूहळू घाट उतरू लागली. प्रत्येक खड्ड्याला माझा श्वास थांबत होता. पण कपाट तसूभरही हलले नाही.

रावेरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय तपासला. “बांधला चांगला. या फळ्या कोठल्या?” त्यांनी विचारले.

“आमच्या कपाटाच्या,” मी म्हणालो.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो, तेव्हा तोच मुलगा जीपमागे धावत आला. आमच्या दोन्ही फळ्या त्याने घरी जपून ठेवल्या होत्या. मला त्या परत मागवेनात.

धुळ्यास येताच मी मिस्त्रींकडे गेलो. सारी हकीकत सांगितली आणि खिळ्यांचा हट्ट धरल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कोण जाणे! ते एवढेच म्हणाले, “म्हणजे दोन फळ्या कमी पडल्या.” आणि माप घेण्यासाठी ते जीपकडे चालू लागले.