काटा कोणाच्या अंगावर?

‘काटेरी’ हे विशेषण मराठीत वस्तूंसाठी जितके सहज येते तितके माणसांसाठी येत नाही. कुंपण काटेरी असते, झुडूप काटेरी असते, सत्तेचा मुकुटही काटेरी म्हटला जातो. ‘काटेरी स्वभाव’ हा प्रयोग मात्र पुस्तकी वाटतो. गिरगावातल्या चाळीत टोचऱ्या माणसासाठी वेगळे शब्द रूढ आहेत : तुसडा, तिरसट, खवचट, खाष्ट, खडूस. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. तुसडा जवळ येऊ देत नाही. तिरसट सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. खवचट हसतहसत टोचतो. खाष्टपणाला हाताखाली कोणीतरी असावे लागते. खडूस आपल्या मुठीतले सुटू देत नाही.

या सगळ्या शब्दांना एक समान अट आहे. बाभळीजवळ कोणी गेले नाही तरी ती काटेरीच असते. रिकाम्या गॅलरीत एकटा बसलेला माणूस मात्र तुसडा असू शकत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलू पाहणारे दुसरे कोणी लागते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ही विशेषणे एका व्यक्तीला लागत असली, तरी त्यांचा आशय दोन व्यक्तींमधला असतो. स्पर्शवाचक विशेषण स्वभावाकडे वळते तेव्हा स्पर्श करणारा वाक्यातून निघून जातो आणि दोघांमध्ये घडलेली गोष्ट एकाच्या माथी गुण किंवा दोष म्हणून बसते.

बोलभाषेला या दुसऱ्या बाजूचे भान आहे. ‘अंगावर काटा येणे’ हा तिचा नित्याचा वाक्प्रचार. येथे काटा भयंकर वस्तूला फुटत नाही. तो पाहणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या कातडीवर उभा राहतो. भरताने सात्त्विक भावांत गणलेला रोमांच तो हाच.

संस्कृत साहित्यशास्त्रातही हा भेद सूक्ष्मपणे राखलेला आढळतो. मम्मटाने अनुप्रासाच्या ज्या तीन वृत्ती सांगितल्या त्यांत ‘परुषा’ ही एक. परुष म्हणजे खरबरीत, कठोर. ती ओजाची व्यंजक आहे. तेवढ्यावरून ती सदोष ठरत नाही. दोषाचे नाव निराळे आहे, ते ‘श्रुतिकटु’. या सामासिक शब्दात कानाचा स्पष्ट उल्लेख आहे : कटुता कोणाला जाणवली, ते दोषाच्या नावातच नोंदलेले आहे. शिवाय शृंगारात जे वर्ण खटकतात तेच रौद्रात गुण ठरतात. मात्र याच परंपरेत उद्भटाच्या वर्गीकरणात ‘उपनागरिका’ आणि ‘ग्राम्या’ ही नावे शेजारीशेजारी येतात. वर्णांच्या मऊ-खरखरीतपणाचे वर्णन करताना नगर आणि गाव यांच्यातले अंतर परिभाषेत शिरते, ते असे.

हे अंतर आधुनिक मराठी समीक्षेला मुंबईत वेगळ्या रूपात भेटले. गिरगावात ‘सत्यकथा’ निघत होती, साहित्य संघ उभा होता. काही मैलांवर लालबाग-परळचे भोंगे वाजत होते. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 साली आला, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ 1972 साली. अशा कवितेविषयी लिहिताना ‘रांगडी’, ‘खडबडीत’, ‘खरखरीत’, ‘ओबडधोबड’ ही विशेषणे समीक्षेच्या हाताशी होती. पुष्कळदा ती कौतुकाने योजली गेली. तरीही प्रश्न उरतोच : हा खरखरीतपणा नेमका कोणत्या हाताला लागला?

गिरणीच्या साचेखात्यात काम करणाऱ्याचा हात घ्यावा. त्या हाताला खरखरीत म्हणणारा त्याच्याशी हस्तांदोलन करणारा असतो. तोच हात पाळीभर सुताशी वागत असतो, तुटलेला धागा जोडत असतो. धाग्याचा मऊपणा आणि ताण त्याला नेमका कळतो. खरखरीत म्हटला गेलेला हात स्वतः स्पर्शज्ञ असतो, ही गोष्ट त्या विशेषणात मावत नाही. सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. त्यांच्या संग्रहाचे शीर्षकच संतवाङ्मयाच्या भाषेची आठवण जागवते. भाषेचा पोत पारखूनच त्यांनी शब्द घेतले होते. त्यांच्या कवितेला ‘खडबडीत’ म्हणून थांबणारी समीक्षा ही पारख विचारात घेत नाही.

‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. कामाठीपुऱ्याच्या परिसरातले ते जग गिरगावाहून पायी जाता येईल इतके जवळ. पण आपल्याला न कळणारे शब्द तेंडुलकरांनी मोकळेपणाने मान्य केले आणि त्यांचे अर्थ कवीकडून समजून घेतले. कवितेचा काटा वाचणाऱ्याच्या अंगावर कोठे उठतो, याची ती नोंद होय. ती कवितेवर एखादे विशेषण चिकटवून देण्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

विशेषण ज्याला लागले त्यानेच ते उचलून धरले तर काय होते, याचे उदाहरण दादरला सापडते. ‘खडूस’ हा शब्द मुंबईच्या क्रिकेटने बिरुदासारखा मिरवला. शिवाजी पार्कसारख्या मैदानांवर, कांगा लीगच्या पावसाळी खेळपट्ट्यांवर घडलेली ही वृत्ती : बळी फुकट द्यायचा नाही, सामना सोडायचा नाही. 1958-59 पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या संघाला प्रतिस्पर्ध्यांनी दिलेली शिवी घरात अभिमानाची झाली. शब्द तोच राहिला. उच्चारणारा बदलला आणि मूल्य उलटे झाले. परंतु असे उलटवणे साधायला आधी जिंकत राहावे लागते.

लालबाग-परळला ती संधी मिळाली नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागांवर मनोरे उभे राहिले. आता ‘रांगडी गिरणगावी भाषा’ हे शब्द हळहळीने उच्चारले जातात. पूर्वी जे अंतर नापसंतीने राखले जाई ते आज जिव्हाळ्याने राखले जाते, एवढाच फरक. मनोऱ्यांमागच्या चाळींत ती भाषा अजून बोलली जाते आणि बोलणाऱ्यांना ती खरखरीत वाटत नाही.

स्पर्शाची विशेषणे समीक्षेतून हद्दपार करावीत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याविना साहित्यकृतीच्या पोताविषयी बोलणेच अवघड होईल. मात्र ‘खरखरीत’ लिहिताना ते वर्णन आहे की आपल्या सवयीच्या कानाची तक्रार, हे समीक्षकाने तपासले पाहिजे आणि तो कान कोठे घडला, तेही वाचकाला सांगितले पाहिजे.