पाया कवा काढायचा?

आमच्या बानं घर बांधलं नाही. घरं बांधली. तासगावात, सांगलीत, विट्याच्या रस्त्याला. बिगारी म्हणून डोक्यावरनं घमेली वाहून त्यानं किती स्लॅब चढवले याची मोजदाद त्याच्याकडं नव्हती. सांजचं येऊन पत्र्याखाली बसायचा नि सांगायचा, आज अमक्याच्या बंगल्याचा दुसरा मजला झाला. आय भाकरी थापता थापता म्हणायची, "आन् आपला पयला कवा?" बा हसायचा. "दम काढ जरा. सातबारा सुटू दे."

सातबारा सुटला नाही. ती जमीन वतनातली. महारवतनाचं जोखड काढायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. प्रत्यक्षात वतन संपलं ते १९५८च्या कायद्यानं. बाबासाहेब जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वतन गेलं, जमीन नव्या शर्तीनं आमच्याकडं आली, पण वाटण्या झाल्या नाहीत. उताऱ्यावर अठरा नावं. अकरा मेलेली, तीन मुंबईला. एका कचेरीत मी चार वर्षं चपला झिजवल्या. दरवेळी नवा कागद कमी पडायचा.

२०१७च्या पावसाळ्यात बा गेला. उशाशी पातेलं ठेवलं होतं, पत्रा गळत होता म्हणून. थेंब पडला की पातेलं वाजायचं. लोकांच्या स्लॅबवर पाणी मारून मारून ज्याच्या पायाला भेगा पडल्या, त्याच्या डोक्यावर शेवटपर्यंत पाणीच पडलं.

मग मी वतनाचा नाद सोडला. राहतो ती गावठाणातली जागा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला बाच्या नावावर. ती आयच्या नावावर करून घेतली. अठ्ठावीस फूट लांब, बावीस फूट रुंद. तेवढ्यात आयचं नाव घरकुलाच्या यादीत आलं. २०१६ पासूनच्या त्या योजनेत घराचं किमान माप २५ चौरस मीटर, सपाट भागाला रक्कम १ लाख २० हजार. तीही हप्त्याहप्त्यानं, काम पुढं सरकंल तसा पैसा. मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधे पेट्यांची नोंद ठेवतो. माझ्याजवळ साठवलेले दोन लाख. मला नुसतं डोकं झाकणारं घर नको होतं. आयला न वाकता चूल करता यावी, पोरीला अभ्यासाला खोली असावी, एक भिंत पुस्तकांची असावी नि रस्त्याकडं मोठी खिडकी असावी. वहीच्या पानावर मीच नकाशा काढला. हिशेब चार लाखांच्या पुढं गेला.

प्रश्न आला, पाया कवा काढायचा?

हा प्रश्न साधा नाही. आमच्या वस्तीत तीन जोती तशीच पडून आहेत. पहिला हप्ता आला, उत्साहानं पाया भरला, पुढं पैसा आटला. एका जोत्यात बाभळ उगवलीय. त्या घरची माणसं शेजारच्या छपरात राहतात नि रोज ते जोतं बघतात. घाई केली तर चौथं जोतं माझं. थांबलो तर आय बाच्या वाटेनं जाणार. तिला सत्तरावं लागलेलं. बाबासाहेबांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरला राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा धरून. तो काळ काय निवांत होता? गोलमेज परिषदा, १९३२चा पुणे करार. पण घर बांधलं. आणि तरी त्या घरात रमाईला थोडाच काळ मिळाला. २७ मे १९३५ला ती तिथंच गेली. हे वाचलेलं माझ्या डोक्यातनं जात नव्हतं.

ते साल होतं २०२३. ज्याला विचारावं तो तारीख सांगायचा. चुलता म्हणाला, "अधिक महिना हाय, ह्यात पाया काढू ने." अधिक गेला. श्रावणात शेजारी म्हणाले, गणपती होऊ दे. गणपती झाला, पितृपंधरवडा लागला. शाखेतली पोरं म्हणाली, "दादा, १४ ऑक्टोबरला काढा. धम्मदीक्षेचा दिवस." मलाही ते पटलं. बैठकीत तसं जाहीरही करून टाकलं.

मिस्त्री मात्र वेगळं पंचांग वाचायचा. त्याला मी नीट विचारलं तेव्हा त्यानं सगळं वर्ष बोटावर मोजून दाखवलं. एप्रिल-मेमधे भट्ट्या चालू, वीट सवंग, पण तेव्हा आपल्याकडं पाण्याची बोंब. सिमेंटच्या कामाला निदान आठ-दहा दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर ते जळतं, भुसा होतो. पावसाळ्यात पाणी फुकट, पण चर भरतात. आपली रान काळं. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की फाटते. तिच्यावर पाया धरला की वरची भिंत तडकणारच. मुरूम लागंस्तवर खाली जायचं, नि निघालेली काळी माती परत भरायची नाही. मुरूमच भरायचा नि धुमसायचा. त्या वर्षी ऑगस्टमधे पावसानं पार तोंड फिरवलेलं. विहिरीत होतं तेवढं पाणी दिवाळीपातुर टिकंल, पुढं टँकर. म्हणजे पायाला वेळ आत्ताच.

"पन मग तू पितरपाटात येशील का?" मी विचारलं.

तो हसला. "दादा, ह्या पंधरा दिसात आमाला कोन बोलावतंय? हातावर हात धरून बसतो. सोमवारपासनं बोलवा, मजुरीबी जरा कमी घेतो. घटाला बसलं की मग मी तुमच्या हाताला लागत न्हाय."

मी म्हटलं, "१४ तारखेला सुरू करू. तसं ठरलंय."

आय दारात बेदाणा निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "कुनी ठरवलं?"

"पोरांनी. मी."

"मानूस रिकामा हाय, हिरीत पानी हाय, आन् तू नऊ-धा दिस वाट बघणार? तुजा बाबी आसंच म्हनत गेला."

मित्रांनो, मला लाज वाटली. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही असं आपण म्हणतो. ज्यानं श्राद्ध सोडलं त्याला पितृपंधरवडा कसला आडवा येतो? पंचांग आपण फेकलं, पण त्याच खिळ्याला दुसरं कॅलेंडर अडकवलं. १४ ऑक्टोबर आपला आहेच. पण तो दिवस माणसाला थांबवायला नव्हता, उठवायला होता.

५ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी मिस्त्रीनं दोरी धरली, मी फक्की मारली. मिस्त्रीनं सवयीनं विचारलं, "नारळ?" आय म्हणाली, "च्या हाय." पहिली कुदळ तिनं मारली. बिगारी मिळेना; द्राक्षाच्या छाटण्या सुरू झालेल्या, सगळी माणसं बागेत. मग मी रजा काढली. बायको नि आक्का पाट्या वाहू लागल्या. साडेचार फुटांवर मुरूम लागला. पोरं आधी रुसली, जाहीर केलेला दिवस मोडला म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघं येऊन डबर वाहू लागली.

मी मिस्त्रीशी एक करार केला होता. एकदम सगळं घर नाही. आधी पाया पूर्ण मापाचा, पण वर एकच खोली नि चूल, स्लॅबसकट. हप्ते नि साठवण मिळून तेवढं निभतं. पुस्तकांची भिंत नि पोरीची खोली पुढच्या साली. जोत्यातनं सळ्या वर ठेवायच्या, गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी लावायचं.

१४ ऑक्टोबर आला. शनिवार, सर्वपित्री अमावास्या, त्यात सूर्यग्रहण, जे आपल्याकडं दिसणारही नव्हतं. गावात कुणी कुठल्या कामाला हात लावला नाही. आमच्याकडं चरातला काँक्रीट दोन दिवसांचा झाला होता. सकाळी वस्ती जमली, काठावर उभं राहून वंदना झाली. मग पोरं तालुक्याला मिरवणुकीला गेली.

आय मागं राहिली. विहिरीवरनं आणलेली घागर तिनं कमरेवरनं उतरली नि गोणपाटावर तांब्यानं पाणी मारायला लागली. मी म्हटलं, "आय, तू बस, मी मारतो."

"तू दुसरी घागर आन," ती म्हणाली. "कडंला अजून कोरडं हाय."