ऑशकॉश, तंबू आणि दोन पिल्लं

ऑशकॉश म्हटलं की अमेरिकेतल्या आयांना लहान मुलांच्या डंगऱ्या आठवतात. १८९५ साली विस्कॉन्सिनमधल्या या गावात कामगारांसाठी डंगऱ्या शिवायला सुरुवात झाली. पुढे त्या पिल्लांच्या मापात आल्या आणि गावाचं नाव घराघरातल्या धुण्याच्या टोपलीत जाऊन पोचलं. मला मात्र ऑशकॉश म्हटलं की विमानं आठवतात. लग्नाच्या आधीपासून, अमेरिकेत येण्याच्याही आधीपासून.

जुलैच्या अखेरीस आठवडाभर इथे विमानांची जत्रा भरते. हो, जत्राच. घरी स्वतःच्या हाताने विमानं बांधणाऱ्या लोकांसाठी पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत एक संघटना काढली. त्यांचा मेळावा १९७० पासून ऑशकॉशला होतो. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं आपल्याला केवढं अप्रूप वाटलं होतं! तसे वेडे इथे हजारोंनी भेटतात. दहा हजारांच्या आसपास विमानं त्या आठवड्यात या भागात उतरतात आणि लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. २०२४ साली ६,८६,००० लोक आले होते.

आमच्याकडे विमान नाही. एक मिनीव्हॅन, एक उसना तंबू, सव्वातीन वर्षांची मनू आणि दीड वर्षाचा छोटू एवढाच लवाजमा. "अगं, अजून दोन-तीन वर्षं थांब की," नवरा म्हणाला. पण मी पंधरा वर्षं थांबले होते. शिकागोपासून तीन-साडेतीन तासांवर ऑशकॉश आहे आणि आपण गेलो नाही, याची आता मला लाज वाटायला लागली होती.

शिवाय मनात एक पक्कं चित्र होतं. आम्ही पुण्यात धानोरीला राहायचो, लोहगावच्या विमानतळाच्या अगदी जवळ. १९९७ साली तिथे सुखोई आली तेव्हा मी दुसरीत होते. आवाज आला की जिना चढून धावत गच्चीत. बाबा मागे उभे राहून माझी मान दोन्ही हातांनी वळवायचे. "आवाज येतोय तिथे बघू नकोस, त्याच्या पुढे बघ. विमान पुढे गेलेलं असतं." आता माझी लेक, माझे हात आणि ऑशकॉशचं आभाळ, इतकं सोपं होतं ते चित्र.

मंगळवारी दुपारी पोचलो. गाडीने येणाऱ्यांसाठी विमानतळाला लागून भलंमोठं मैदान आहे, तिथे रांगेने तंबू. वीज नाही, नळ लांब, संडास त्याहून लांब. नुकतंच डायपर सुटलेल्या मुलीला घेऊन तिथे जाणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं! "आई, शू आली" आणि "आई, शू झाली" यांत फार तर चाळीस सेकंद असतात. शेवटी पॉटी तंबूतच ठेवली. रात्री नऊपर्यंत उजेड, त्यामुळे पोरं झोपायला तयार नाहीत. डास मात्र वेळेवर आले.

पण पोरं खूष होती. विमानांकडे त्यांचं लक्ष अजिबात नव्हतं. छोटू तंबूची खुंटी उपटायचा आणि मनू मुंग्यांना पोळीचे तुकडे नेऊन द्यायची. डोक्यावरून महायुद्धातलं मस्टँग विमान चाललंय, मी नाचतेय, "मनू, बघ बघ!" आणि मनू म्हणतेय, "आई, या मुंगीला मोठा तुकडा नेता येत नाहीये." शेजारच्या तंबूतले आजोबा हसत होते. ते आयोवाहून आले होते, घराच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं विमान बांधत होते. अजून पंख बाकी होते म्हणे. "घाई नाही," म्हणाले.

बुधवारी खरा कार्यक्रम. कसरती अडीचच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे बरोबर आमच्या झोपेच्या वेळेला. छोटू बाबागाडीत झोपला. मनू झोपेला आलेली, चिडचिडलेली. मी तिला कडेवर घेतलं, कानांवर लाल इअरमफ चढवले आणि गर्दीत पुढे जाऊन उभी राहिले.

छोट्या विमानांपर्यंत सगळं ठीक होतं. मग फायटर जेट आलं.

पंख्याचं विमान आधी ऐकू येतं, मग दिसतं. जेट वेगात असलं तर याच्या उलट. ते निघून जातं आणि आवाज मागाहून तुमच्यावर कोसळतो. तो कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. मला हे माहीत होतं. मनूला कुठून माहीत असणार? तिच्यासाठी रिकामं आभाळच ओरडलं. तिने इअरमफ ओढून फेकले, दोन्ही हात कानांवर धरले आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती.

"चल, मागे जाऊ," नवरा म्हणाला.

आणि मी म्हणाले, "थांब, एक मिनिट. आता परत येईल ते."

ते वाक्य मी बोलले, हे लिहिताना आजही माझे हात अडखळतात. मी तिचे इअरमफ परत लावले, वरून माझा तळवा दाबून धरला आणि मान वर केली. जेट परत आलं. सरळ वर चढलं, मागे आगीचा झोत. मी पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी पाहिलं. आणि ते पाहताना माझ्या गळ्याशी धडधडणारं एवढंसं हृदय मला स्पष्ट कळत होतं. तरी मी हलले नाही. मिनिटभर असेल फार तर. मोठं असतं मिनिट.

तंबूकडे परत येईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. नवऱ्याने काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. मनू मुंग्यांकडेही गेली नाही. मोठी गाडी गेली तरी दचकून कानांवर हात ठेवायची.

संध्याकाळी साडेसातला आईला फोन लावला. पुण्यात सकाळचे सहा, ती चहा टाकत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी कशी तिच्याएवढी असताना धावत गच्चीत जायचे! मला वाटलं हीसुद्धा..."

"तू? गच्चीत?" आई म्हणाली. "अगं, धानोरीला आलो तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. विमान आलं की पलंगाखाली जाऊन बसायचीस. बाहेरच यायची नाहीस. तुझे बाबा ऑफिसचे कपडे घालून तुझ्याशेजारी पलंगाखाली आडवे व्हायचे. कितीतरी महिने चाललं होतं ते. गच्ची फार नंतरची."

मला यातलं काहीही आठवत नाही. मला फक्त गच्ची आठवते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना विचारायचीही सोय नाही. पण पॅन्टच्या इस्त्रीची एवढी काळजी करणारा माणूस फरशीवर आडवा झालेला मला त्या दिवसापासून दिसतो.

बुधवारी रात्रीचा शो असतो. अंधारात दिवे लावलेली विमानं, आतषबाजी. मी सगळ्यात जास्त त्यासाठी आले होते. नवरा म्हणाला, "तू जाऊन ये, मी बसतो यांच्याजवळ." त्याने ते मनापासून म्हटलं, म्हणून जास्तच लागलं. मी गेले नाही. आम्ही दोघी मिनीव्हॅनच्या मागच्या सीटवर, काचा बंद करून, पांघरूण डोक्यावरून घेऊन बसलो. प्रत्येक धमाक्याला मनू विचारायची, "गेलं?" आणि मी म्हणायचे, "गेलं." पुन्हा "गेलं?", पुन्हा "गेलं." असं म्हणता म्हणता कधीतरी ती झोपली. काचेवर लाल-हिरवा उजेड येत-जात राहिला. मी तेवढाच पाहिला.

सकाळी सामान आवरताना शेजारच्या आजोबांनी सुचवलं, "जाताना फिस्कला थांबा. तिथे आवाज नसतो."

फिस्क हे जवळचंच खेडं. छोटी विमानं रिपन गावापासून रेल्वेचे रूळ धरत, एकामागोमाग एक, ताशी ९० नॉट्सच्या वेगाने आणि जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवरून इथे येतात. इतकी येतात की प्रत्येकाशी रेडिओवर बोलायला वेळच नसतो. म्हणून गुलाबी टीशर्ट घातलेले कंट्रोलर जमिनीवर दुर्बिणी घेऊन बसतात आणि रंग बघून हाक मारतात. लाल-पांढरं विमान, ऐकू येत असेल तर पंख हलव. वैमानिक उत्तर देत नाही, नुसते पंख हलवतो. की धावपट्टी सांगितली आणि पुढचा.

आम्ही रस्त्याच्या कडेला गवतात बसलो. मनू हात कानांवर ठेवूनच उतरली. लांबून शिलाई मशीनसारखी घरघर ऐकू आली, मग एक पिवळा ठिपका दिसला, मग विमान. तिला वाट पाहायला भरपूर वेळ मिळाला. आमच्या डोक्यावर आल्यावर त्याने पंख डावीकडे-उजवीकडे हलवले.

मनूने एक हात कानावरून काढला.

"आई, त्याने मला टाटा केलं."

पुढच्याने पण केलं. त्याच्या पुढच्यानेही. पाचव्या विमानाला दोन्ही हात हवेत होते. ते कंट्रोलरला उत्तर देताहेत, हे मी सांगितलं नाही. छोटू विमानांकडे पाठ करून गवत खात होता. आम्ही तिथे दोन तास बसलो. मी तिची मान एकदाही वळवली नाही.

लाल इअरमफ आता आमच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असतात. मी चटणी वाटायला घेतली की मनू धावत येऊन ते चढवते, हाताने खूण करते आणि मगच मी मिक्सर लावते.